मुलगा सातवीत आहे, सैन्यात अधिकारी व्हायचंय: शिक्षण कसं ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे, वय बारा वर्षं दोन महिने. पाचवीत असताना सैनिक स्कूलची परीक्षा दिली, नंबर लागला नाही. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, आता संधी गेली. पोराच्या मनातून मात्र लष्करात अधिकारी होणं काही जात नाही. तुमची दोन एकर जमीन आणि पिठाची गिरणी. शहरातल्या महागड्या शाळेचा खर्च झेपणारा नाही. तर अधिकारी झालेल्यांचं लहानपण आणि शिक्षण कसं असतं, आणि तुम्ही आत्ता काय करावं?

संधी गेलेली नाही. मी स्वतः सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलो, वडील एसटीत कंडक्टर होते. पायदळात सव्वीस वर्षं अधिकारी म्हणून काढली. त्यातली काही वर्षं निवड मंडळावर जीटीओ होतो, म्हणजे मैदानावरच्या गट-चाचण्या घेणारा अधिकारी. या काळात शेकडो मुलं जवळून पाहिली. त्यावरून एकच गोष्ट ठामपणे सांगेन: कोणत्या शाळेत शिकला यापेक्षा सोळाव्या वर्षापर्यंत त्या मुलाच्या अंगावर किती खऱ्या जबाबदाऱ्या पडल्या, यावर बरंच काही ठरतं. शाळा मदत करते. चांगली शाळा खूपच मदत करते. पण जे घरात आणि गावात घडायचं ते शाळेवर सोडून चालत नाही.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरतो, कारण गावाकडे तो नेहमी दिसतो. आपल्याकडे ‘मिलिटरीत जाणं’ म्हणजे भरती. पहाटे उठून पळणं, उंची-छाती मोजणं, मैदान मारणं. तो जवानांचा मार्ग आहे, मानाचा आहे. माझ्या हाताखालच्या जवानांकडून मी जितकं शिकलो तितकं कोणत्या पुस्तकातून शिकलो नाही. पण अधिकाऱ्याची निवड वेगळ्या रीतीने होते. तिथे आधी लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढच्या चाचण्या आणि मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. धावण्याची वेळ कोणी लावत नाही. त्यामुळे मुलगा रोज पाच किलोमीटर पळतो म्हणून निर्धास्त राहू नका आणि पळण्यात मागे पडतो म्हणून हातपाय गाळू नका.

आता लहानपणांविषयी. तुम्ही विचारलंय म्हणून तीन-चार सांगतो, आणि मुद्दाम एकमेकांशी न जुळणारी.

सॅम माणेकशा १९१४ साली अमृतसरमध्ये जन्मले. वडील डॉक्टर, शिक्षण नैनितालच्या शेरवुड कॉलेजात. त्यांना स्वतःला लंडनला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. वडील म्हणाले, एकट्याने परदेशी राहण्याइतका तू मोठा नाहीस. त्या रागात पोराने डेहराडूनच्या नव्या इंडियन मिलिटरी अकादमीची प्रवेश परीक्षा दिली. खुल्या स्पर्धेतून पंधरा जण घेतले, त्यात त्यांचा सहावा नंबर. १९३२ साली सुरू झालेल्या त्या पहिल्या तुकडीत चाळीस कॅडेट होते. पंधरा स्पर्धेतून आलेले, दहा संस्थानांच्या फौजांतून, आणि उरलेले पंधरा थेट शिपायांमधून निवडलेले. पुढे या एकाच तुकडीतून तीन देशांचे सेनाप्रमुख झाले: आपले माणेकशा, पाकिस्तानचे मुहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशचे स्मिथ डन. यातले मुसा शिपाई म्हणून भरती होऊन वर आलेले. म्हणजे ‘आमच्या घरात कोणी अधिकारी नव्हतं’ ही अडचण पहिल्या दिवसापासूनच अडचण मानलेली नाही.

दुसरं लहानपण रामा राघोबा राणे यांचं. हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. जन्म १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलीस शिपाई, त्यांच्या बदल्यांमागे फिरत फिरत मिळेल त्या शाळेत शिकले. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, साधे सैनिक म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, हवालदार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. चार महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करायचं काम त्यांच्या तुकडीवर आलं. रस्त्यावर सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, वरून मशीनगनचा मारा. राणे रणगाड्याच्या खाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे सरकत राहिले. वर बसलेल्या चालकाला थांब आणि चल सांगायला दोराचा इशारा. अंगावर जखम असताना ८ ते ११ एप्रिल हे काम चाललं आणि राजौरीची वाट उघडली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. पब्लिक स्कूल नाही, महाविद्यालय नाही. पण भरतीच्या प्रशिक्षणातच ते सर्वोत्तम रिक्रूट ठरले होते, आणि हातातलं काम पुरतं शिकून घ्यायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

तिसरं उदाहरण तुमच्या आसपासचं. कर्नल संतोष महाडिक साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, शिक्षण सातारच्या सैनिक स्कूलमध्ये. पुढे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना शहीद झाले, मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली गेली, त्यांनी एसएसबी पार केली, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलींबरोबर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. एकाच घरातले दोन अधिकारी, एक शाळेपासूनच सैनिकी वातावरणात वाढलेला, दुसरी दोन लेकरांची आई झाल्यावर त्या वाटेला लागलेली.

आणि जनरल मनोज नरवणे, जे ३१ डिसेंबर २०१९ ला सेनाप्रमुख झाले, ते पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी प्रशालेतले. वडील हवाई दलात, आई आकाशवाणीवर निवेदिका. त्यांच्यानंतरचे सेनाप्रमुख जनरल मनोज पांडे नागपूरचे. अभियंता दलातून त्या पदावर पोहोचलेले पहिलेच. दोघेही एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले. या सगळ्यांत एकसारखी शाळा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आता तुमच्या मुलासमोरचे दरवाजे, वयाच्या क्रमाने.

सगळ्यात आधी डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज, ज्याला सगळे आरआयएमसी म्हणतात. १९२२ पासूनची संस्था आहे, माजी सेनाप्रमुख जनरल थिमय्या तिथलेच. प्रवेश आठवीत, परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. वय साडेअकरा पूर्ण हवं आणि तेरा पूर्ण झालेलं नको. सातवीत शिकणारा किंवा सातवी झालेला मुलगा चालतो. आपल्याकडे ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तुमचा मुलगा आज नेमका या खिडकीत उभा आहे आणि काही महिन्यांनी ती बंद होईल, म्हणून हे आधी सांगितलं. जागा मात्र फारच कमी, एका सत्रात राज्याला एखाद-दुसरी. इंग्रजीचा पेपर अवघड असतो. गणित आणि सामान्यज्ञान हिंदी किंवा इंग्रजीतून लिहिता येतं, मराठीतून नाही. निवड झाली नाही तरी त्या तयारीने पोराचं इंग्रजी आणि गणित एक इयत्ता पुढे जातं, म्हणून मी बसवायला सांगेन. फक्त घरात आधीच बोलून ठेवा की हा एक प्रयत्न आहे, जगाचा शेवट नाही. पाचवीतलं अपयश त्याच्या मनात अजून ताजं असणार.

दुसरा दरवाजा सैनिक स्कूलचाच, पण नववीचा. हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल आपलं सातारचं, २३ जून १९६१ ला सुरू झालेलं. आता चंद्रपूरलाही आहे. सहावी आणि नववी अशा दोन टप्प्यांवर प्रवेश होतो. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा फक्त इंग्रजीत. नववीच्या ४०० गुणांपैकी २०० गणिताचे, बाकी इंग्रजी, बुद्धिमत्ता, विज्ञान आणि समाजशास्त्र यांचे प्रत्येकी ५०. वय १३ ते १५. मुलींनाही आता या शाळांत प्रवेश आहे. नववीला जागा कमी निघतात हे खरं, पण परीक्षा देण्यासारखी आहे. फी मोठी वाटेल. उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती असते, तिची चौकशी आधीच करा. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूलही पश्चिम महाराष्ट्राला जवळ पडतं, तिथेही नववीला प्रवेश होतो.

इथे एक सावधगिरी. महाराष्ट्रात नावात ‘सैनिकी’ असलेल्या खूप शाळा आहेत. काही अनुदानित आहेत, काही खाजगी. त्यातल्या काही खरोखर मेहनतीने चालवलेल्या आहेत. पण संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीची शाळा वेगळी, आणि नुसता खाकी गणवेश आणि पहाटेची पीटी असलेली शाळा वेगळी. प्रवेश घेण्याआधी तिथल्या दहावी-बारावीच्या गणिताच्या शिक्षकाला भेटा. ग्रंथालय उघडं असतं का, मुलांच्या हातात पुस्तकं दिसतात का, ते पाहा. परेड कोणतीही शाळा करून घेते.

तिसरा दरवाजा दहावीनंतरचा, आणि मी स्वतः त्यातूनच गेलो. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासून. दहावीच्या मुलांची परीक्षा आणि मुलाखत घेऊन निवड होते. अकरावी-बारावी तिथे राहून करायची आणि सोबत एनडीएची तयारी. गणित आणि सामान्य क्षमता असे परीक्षेचे दोनच भाग. माझ्या मते मराठी शाळेतल्या, साध्या घरातल्या मुलासाठी महाराष्ट्रात यापेक्षा चांगली सोय नाही. आता मुलींसाठीही नाशिकला अशीच संस्था सुरू झाली आहे. तुमच्या मुलाला अजून तीन वर्षं आहेत. सगळी तयारी या परीक्षेवर नजर ठेवून करा; मधल्या दोन परीक्षा आपोआप त्यात येतात.

एनडीएची परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, त्यातले २०० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. लष्कराच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. पण कला शाखेतून गेला तरी तो ३०० गुणांचा गणिताचा पेपर द्यावाच लागतो, म्हणून काहीही झालं तरी गणित सोडू देऊ नका. लेखीचा कटऑफ गेल्या काही वर्षांत ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान राहिला आहे. म्हणजे पंच्याण्णव टक्क्यांची ही शर्यत नाही. ज्याचं गणित पक्कं आहे आणि जो रोज वर्तमानपत्र वाचतो, त्याला हे जमतं. खरी चाळण पुढे आहे.

ती म्हणजे एसएसबी. पाच दिवस, तिचेही ९०० गुण. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे काय पाहतात हे कळलं की बारा वर्षांच्या मुलाला काय शिकवायचं ते आपोआप कळतं.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमत्ता चाचणी, आणि एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात ती सांगून चर्चा करायची. निम्म्याहून जास्त मुलं त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या: चित्रांवरून गोष्टी, मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं, मग साठ प्रसंग अर्ध्या तासात. एवढ्या वेगात माणूस खोटं लिहू शकत नाही. पाठ केलेली वाक्यं लगेच ओळखू येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मैदान, आणि दरम्यान मुलाखत.

मैदानावरचा एक प्रसंग सांगतो. गाव, वर्ष, नाव सांगणार नाही. आठ मुलांचा गट होता. हातात एक फळी, एक बल्ली म्हणजे लाकडी वासा, एक दोर आणि एक ओझं. समोर खांब आणि ओंडके. लाल रंगाला हात लावायचा नाही, जमिनीला पाय टेकवायचा नाही, सगळ्यांनी ओझ्यासकट पलीकडे जायचं. दोन मुलं इंग्रजीत सूचनांवर सूचना करत होती, उत्तम बोलत होती. फळी मधल्या ओंडक्यावर ठेवायची आणि पुढच्या टोकावरून पलीकडे उतरायचं असं त्यांनी ठरवलं. पहिला मुलगा पुढे सरकला की मागचं टोक वर उचललं जाई. तिनदा झालं. मागे उभा असलेला एक काळासावळा, किडकिडीत मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो पुढे आला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, “मागे वजन पाहिजे, मी बसतो.” मागच्या टोकावर तो बसला, आणखी एकाला शेजारी ओढलं, दोराने फळी ओंडक्याला आवळली आणि बाकीच्या सहा जणांना एकेक करून पलीकडे पाठवलं. स्वतः सगळ्यांत शेवटी गेला, आणि पलीकडे पोचल्यावर ओझं आलंय का ते आधी पाहिलं. बैलगाडी भरताना मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते हे ज्याने लहानपणी पाहिलंय, त्याला तरफेचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

पाचव्या दिवशी मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ असे सगळे एकत्र बसून प्रत्येक मुलावर मत मांडतात, ती कॉन्फरन्स. त्या मुलाच्या मुलाखतीत निघालं होतं की आई-वडील ऊसतोडीला गेले की पाच-सहा महिने दोन लहान भावंडांना तोच सांभाळायचा. स्वयंपाक, शाळा, आजारपण, सगळं. तिघांनी तीन वेगळ्या वाटांनी त्याला पाहिलं होतं आणि तिघांना एकच माणूस दिसला होता. तो रेकमेंड झाला, म्हणजे मंडळाने त्याला निवडलं. इंग्रजीत सुंदर बोलणाऱ्या त्या दोघांपैकीही एक झाला, हेही सांगायला हवं. कारण फळी फसते आहे हे लक्षात आल्यावर त्याने आपली योजना लगेच सोडली आणि या मुलाचं ऐकलं. दुसरा शेवटपर्यंत आपलंच रेटत राहिला.

हे वाचून कोणी मुलावर मुद्दाम हालअपेष्टा लादू नयेत. गरिबी ही पात्रता नाही. सांगायचं एवढंच की तुमच्या घरात ज्या गोष्टी रोज घडतात त्यांत मुलाला खरा वाटा द्या. गिरणीचा हिशेब महिनाभर त्याच्याकडे द्या आणि चुकला तर ओरडू नका, त्यालाच चूक शोधू द्या. तालुक्याला जाऊन बँकेचं काम त्याने एकट्याने करून यावं. पाहुणे आले की त्याने आत जाऊन बसू नये. समोर बसून बोलावं. गणपतीत मंडळाची वर्गणी, पावत्या, कार्यक्रमाची आखणी अशी कामं असतात, त्यातलं एक पूर्ण त्याच्या अंगावर टाका. एसएसबीला भराव्या लागणाऱ्या माहितीपत्रकात वडिलांचा व्यवसाय, शिक्षणाचं माध्यम, खेळ, छंद, कोणत्या जबाबदाऱ्या पार पाडल्या हे सगळं लिहावं लागतं आणि मुलाखत त्यावरूनच सुरू होते. अनेक मुलं छंद म्हणून ‘वाचन’ लिहितात आणि शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं यावर गप्प होतात. त्यापेक्षा ‘गिरणीची दुरुस्ती’ लिहिलेला मुलगा दहा मिनिटं पट्टा, बेअरिंग, मोटर यावर बोलेल आणि समोरचा अधिकारी आवडीने ऐकेल.

एक सांघिक खेळ मात्र हवाच. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, काहीही. रोज तासभर. एकट्याने पळणं शरीर बनवतं, पण हरल्यावर त्याच संघासोबत दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहणं खेळातच कळतं.

इंग्रजीबद्दल. मराठी माध्यम हा अडसर नाही, पण इंग्रजीकडे दुर्लक्ष करणं हा मोठा अडसर आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत गावाकडे फार होते. एनडीएचा पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, गटचर्चा बहुतेक इंग्रजीत होते. मी खडकवासल्याला गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात स्क्वाड्रनच्या एका सीनियरने मला काहीतरी विचारलं. प्रश्न कळला, उत्तर मराठीत तयार होतं, तोंडातून शब्द फुटेना. मला त्याबद्दल रगडा मिळाला, म्हणजे गवतावर कोलांट्या. त्याहून जास्त लागलं ते आतून, की मला येत असूनही मी काही सांगू शकलो नाही. तिथे माझ्या डिव्हिजनल ऑफिसरने साधा उपाय दिला: रोज रात्री झोपण्याआधी दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत दहा ओळी लिहायचं, चुका झाल्या तरी. सहा महिन्यांत जीभ सैल झाली. तुमचा मुलगा हे आजपासून करू शकतो. पाच ओळी पुरेत. सेमी इंग्रजीचा वर्ग असेल तर गणित-विज्ञान त्यातून घ्या. मराठी वाचन मात्र तोडू नका. ज्याला मातृभाषेत नीट मांडता येत नाही त्याला दुसऱ्या भाषेतही येत नाही, हे मी मैदानावर पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एनडीएत गेल्यावरचं शिक्षण थोडक्यात. तीन वर्षं, सहा सत्रं, शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी. शिकवणी, राहणं, जेवण सरकारचं. पहाटे ड्रिलचे उस्ताद, मग वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास. पहिलं सत्र कठीण जातं, घरी जावंसं वाटतं. त्यानंतर लष्कराचे कॅडेट एक वर्ष डेहराडूनला आयएमएत, म्हणजे माणेकशांच्याच त्या इंडियन मिलिटरी अकादमीत जातात. तिथे दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि बाहेर पडताना ते लेफ्टनंट असतात. तुम्ही घरात मुलगी असल्याचाही उल्लेख केलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली. २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला सतरा मुली खेत्रपाल परेड ग्राउंडवरून बाहेर पडल्या. जे मुलासाठी लिहिलं ते बहुतेक सगळं तिलाही लागू आहे.

एनडीए हुकली तर? पदवीनंतर सीडीएस, म्हणजे यूपीएससीचीच संरक्षण सेवा परीक्षा आहे. बारावीला विज्ञान आणि चांगले गुण असतील तर जेईईच्या आधारे तांत्रिक प्रवेश आहे. कॉलेजात एनसीसी केली आणि ‘सी’ प्रमाणपत्र मिळवलं तर त्याची वेगळी वाट आहे. जवान म्हणून भरती होऊनही आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येतं. एसएसबीत एकदा नाकारलं म्हणून दार कायमचं बंद होत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वेळी रेकमेंड झालेले उत्तम अधिकारी माझ्याबरोबर होते. नाशिकला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतात. तिथे पाठवा.

आणि कोचिंगवाल्यांच्या ‘शंभर टक्के निवड’ या फलकांना भुलू नका. माझ्या ओळखीतल्या एका घराने अशाच एका अकादमीत म्हैस विकून पैसे भरले. वर्षभर मुलांना शब्दांवरची वाक्यं पाठ करून घेतली. तो मुलगा एसएसबीत तीच वाक्यं लिहून आला आणि स्वतः कोण आहे हे कुणाला दाखवूच शकला नाही. लेखी परीक्षेसाठी शिकवणी ठीक आहे. स्वभाव शिकवणीत बनत नाही, पण शिकवणीत बिघडू शकतो.

आता या महिन्यातलं काम. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन नंबर आणि रंगांची ओळख तपासून घ्या. सपाट तळवे, गुडघे जुळणं, नाकाचं हाड वाकडं असणं हेही एकदा पाहून घ्या. काही गोष्टी या वयात सुधारतात, अठराव्या वर्षी सुधारत नाहीत. अंगावर गोंदवून घेऊ देऊ नका, जत्रेत हौस म्हणूनसुद्धा. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर आरआयएमसीची पुढची तारीख पाहा. अधिवास प्रमाणपत्रासाठी तहसीलमध्ये अर्ज करा, त्याला वेळ लागतो. आणि मुलाचं जन्माचं प्रमाणपत्र, शाळेचं रजिस्टर आणि आधार कार्ड शेजारी ठेवून त्याचं नाव, तुमचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. कुठे ‘पाटील’ आहे, कुठे नाही. कुठे आईचं माहेरचं नाव. कुठे तारीख एक जूनची. फरक असेल तर हेडमास्तरांना आत्ताच भेटा. दहावीचा फॉर्म भरल्यानंतर हे दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात.